पिढीजात

६ मे २०२३. चार्ल्स राजाचा राज्याभिषेक टीव्हीवर लाइव्ह चालू होता आणि आई सोफ्यावर मांडी घालून बसली होती. राजाराणीपेक्षा तिला आजूबाजूची मंडळी कोण यातच जास्त रस. आमच्याकडच्या लग्नातही ती नवरानवरीकडे कमी आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसलंय तिकडे जास्त बघते.

"हा लाल डगलेवाला कोण रे? सारखा पुढे पुढे दिसतोय."

म्हटलं, हा नॉरफोकचा ड्यूक. एडवर्ड फिट्झॅलन-हॉवर्ड. हा सगळा सोहळा त्याने आखलाय. आदल्या वर्षी, १९ सप्टेंबर २०२२ ला, एलिझाबेथ राणीच्या अंत्यसंस्काराची व्यवस्थाही त्याचीच होती. 'अर्ल मार्शल' म्हणतात त्या पदाला. १६७२ पासून त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलंय.

"म्हणजे वतन आहे म्हण की!" आई म्हणाली आणि चहाला उठली.

मी बघतच राहिलो. इतकी वर्षं इंग्लंडच्या इतिहासाची पुस्तकं वाचतोय (हा माझा जुना नाद, घरात कोणालाच तो कळत नाही), पण इतका सोपा शब्द मला सुचला नव्हता. आईच्या माहेरी कुलकर्णी वतन होतं, ते १९५० च्या कायद्याने गेलं. दप्तर गेलं, मान गेला, आडनाव तेवढं राहिलं. हॉवर्डांचं मात्र अजून टिकून आहे. १९९९ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहातून बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना घरी पाठवलं, तेव्हासुद्धा अर्ल मार्शलची जागा पदासाठी म्हणून राखून ठेवली होती.

आत्ताच्या ड्यूकच्या आधीचे एक, सोळावे ड्यूक बर्नार्ड, यांनी १९३७ आणि १९५३ चे दोन्ही राज्याभिषेक पार पाडले आणि १९६५ मध्ये चर्चिलची अंत्ययात्राही. शिवाय १९६२-६३ मध्ये एमसीसीचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा मॅनेजर म्हणून हेच! टेड डेक्स्टर कप्तान आणि खुद्द ड्यूक मॅनेजर. आपल्याकडे एखाद्या संस्थानिकाने ट्रंका मोजल्या असत्या का, असं उगाच मनात येऊन गेलं. असो.

तर हे झालं वरवरचं, टीव्हीवर दिसणारं. पण या घराण्याने राजाच्या चाकरीची जी किंमत दिली ती बघितली की लाल डगल्याचा रंग जरा वेगळाच दिसायला लागतो.

पहिला ड्यूक जॉन हॉवर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डसाठी लढताना मेला. राजाही मेला. मुलगा टॉमस पकडला गेला आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये तीन-साडेतीन वर्षं अडकून पडला. नवा राजा सातवा हेन्री, म्हणजे ज्याच्याविरुद्ध बाप लढला तोच. त्याने विचारलं, माझ्याविरुद्ध का लढलास? तर टॉमस म्हणे बोलला की मुकुट ज्याच्या डोक्यावर, त्याच्या बाजूने मी लढतो. मुकुट एखाद्या खुंटावर ठेवलात तर त्या खुंटासाठीही लढेन. खरंच बोलला की नाही देव जाणे, पण वागला तसाच. १५१३ मध्ये, सत्तरीच्या वयात, त्याने फ्लॉडनला स्कॉटलंडच्या सैन्याचा धुव्वा उडवला, स्कॉटलंडचा राजा त्या लढाईत ठार झाला आणि पुढच्या वर्षी हॉवर्डांना ड्यूकपद परत मिळालं.

त्याचा मुलगा, तिसरा ड्यूक, हाही टॉमसच. मला बोलायचंय ते याच्याबद्दल.

याच्या बहिणीची मुलगी ॲन बुलीन. आठव्या हेन्रीने तिच्यासाठी पोपशी वैर घेतलं. भाची राणी झाली, मामाचं वजन वाढलं. तीन वर्षांत राजाचं मन फिरलं. १५ मे १५३६ ला टॉवरमध्ये तिच्यावर खटला चालला आणि न्यायाधीशांच्या खुर्चीत, सर्वांत वर, कोण? मामा. शिक्षा त्यानेच वाचून दाखवली. राजाची मर्जी असेल त्याप्रमाणे जाळून किंवा शिरच्छेद करून. १९ मे ला शिरच्छेद झाला.

इंग्रजी पुस्तकात तिथे 'नीस' असा शब्द असतो आणि आपण पुढे जातो. मराठीत मात्र तो शब्द 'भाची' होतो आणि घशात अडकतो. आपल्याकडे बोहल्यावर मुलीला घेऊन येतो तो मामा.

पुढे १५४० मध्ये हेन्रीने हॉवर्डांच्याच घरातल्या दुसऱ्या मुलीशी लग्न केलं. कॅथरीन, या ड्यूकच्या भावाची मुलगी, म्हणजे पुतणी. तिला दरबारात लावून देण्यातही काकाचा हात होता. दीड वर्षात तिच्या लग्नाआधीच्या भानगडी बाहेर आल्या, आणि नंतरच्याही. १३ फेब्रुवारी १५४२ ला तिचाही शिरच्छेद झाला. पण त्याआधी, डिसेंबर १५४१ मध्ये, ड्यूकने राजाला एक पत्र लिहिलं.

ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. त्याची सावत्र आई तेव्हा टॉवरमध्ये होती. भाऊ, भावजय, बहीण, सगळे. ड्यूक लिहितो की त्यांना योग्य कारणाशिवाय पकडलं नसणार हे मी जाणतो. माझ्या दोन पुतण्या-भाच्यांनी जे घाणेरडं वर्तन केलं त्याने आपल्याला माझ्या कुळाचाच तिटकारा येईल अशी भीती वाटते. पण यातलं काही उघडकीला आलं ते माझ्याच सांगण्यावरून, याची आठवण ठेवावी. या बायकांचं माझ्यावर कधी फारसं प्रेमही नव्हतं. तेव्हा महाराजांनी मनात किंतु ठेवू नये, एवढी खूण द्यावी.

कोणी विचारलं नव्हतं त्याला. मला थांबायला लावलं ते याने. खटल्यात बसणं ही एक वेळ सक्ती म्हणता येईल, नाही म्हणायची सोय नव्हती. पण हे पत्र त्याने आपणहून लिहिलं होतं.

आता माझं सांगतो.

२०११ ची गोष्ट. मी पुण्यात एका कंपनीत मॅनेजर होतो. माझे वडील त्याच कंपनीतून चौतीस वर्षांनी रिटायर झालेले, त्यांच्याच शब्दावर मी चिकटलो होतो. आणि माझ्या शब्दावर माझा धाकटा आत्तेभाऊ, परचेसमध्ये. आत्या विधवा, हा एकुलता एक. नोकरी लागल्यावर दोन वर्षं तो आमच्याच घरी राहिला. आई त्याला आणि मला एकसारखे डबे भरून द्यायची. ऑफिसात लोक गमतीने 'तुमची तिसरी पिढी कधी येतेय' असं विचारायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका सप्लायरच्या बिलांची भानगड निघाली. चौकशी लागली. त्यात त्याचं नाव होतं.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. वरिष्ठांनी बोलावलंही नव्हतं. त्याच रात्री घरी बसून मी मेल लिहिली. सदर कर्मचारी माझे दूरचे नातेवाईक असून आमचे फारसे जाणे-येणे नाही. त्यांच्या कामकाजाविषयी मला यापूर्वीच काही शंका होत्या. चौकशीस माझे संपूर्ण सहकार्य राहील. 'दूरचे' हा शब्द मी आधी लिहिला नव्हता, नंतर घातला. मी लिहीत होतो तेव्हा आतल्या खोलीत तो झोपला होता का? नाही, तोवर त्याने वेगळी खोली घेतली होती. पण त्याची गादी आमच्या माळ्यावर होती अजून.

त्याने पैसे खाल्ले होते का? थोडे खाल्ले असावेत. मी ही गोष्ट त्याला निर्दोष ठरवण्यासाठी सांगत नाहीये. चूक त्याची होती, नोकरी गेली ती त्याच्या चुकीने. माझी मेल नसती तरी गेली असती. म्हणजे त्या मेलचा कोणालाच काही उपयोग नव्हता, मी सोडून. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. वडिलांनी पेढे वाटले.

चौकशीत ती मेल त्याला वाचून दाखवली होती, हे मला बऱ्याच वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं.

ड्यूकच्या पत्राचा त्याला काय उपयोग झाला? पाच वर्षं झाला. डिसेंबर १५४६ मध्ये तो आणि त्याचा मुलगा हेन्री, सरेचा अर्ल, दोघेही टॉवरमध्ये. हा हेन्री कवी. इंग्रजीत निर्यमक छंद पहिल्यांदा त्याने आणला, व्हर्जिलच्या अनुवादात. गुन्हा काय, तर ढालीवरच्या कुलचिन्हात जुन्या राजाचं चिन्ह घातलं. त्याच्याविरुद्ध जबानी देणाऱ्यांत सख्खी बहीण होती (घरात शिकवण कुठली मिळाली होती ते उघड आहे). १९ जानेवारी १५४७ ला त्याचा शिरच्छेद. बापाचा २८ ला व्हायचा होता म्हणतात, आणि त्याच दिवशी पहाटे आठवा हेन्री मेला! म्हातारा वाचला. तुरुंगातून त्याने काय मागितलं होतं माहितेय? पुस्तकं आणि चादरी. वाचल्याशिवाय मला झोप येत नाही, असं लिहिलंय. हे वाचलं आणि त्याचा राग करणं मला जरा अवघड झालं. मलाही येत नाही.

साडेसहा वर्षांनी मेरी राणीने त्याला सोडलं. ऐंशीच्या घरात होता. बाहेर आल्यावर त्याच महिन्यात त्याच्याकडे काम कुठलं आलं, तर राजद्रोहाच्या एका खटल्यात पुन्हा न्यायाधीशाची खुर्ची. बसला. पुढे नातू, चौथा ड्यूक, १५७२ मध्ये एलिझाबेथच्या हुकमाने टॉवर हिलवर गेला. पणतू फिलिप दहा वर्षं टॉवरमध्ये राहून १५९५ मध्ये तिथेच वारला. १९७० मध्ये कॅथलिक चर्चने त्याला संत ठरवलं. एवढं होऊन शंभरएक वर्षांत वतन परत त्याच घरात.

मुलगी केंब्रिजला असते. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा मी हट्टाने सफोकमधल्या फ्रॅमलिंगहॅमला गेलो. लहान गाव, तिथल्या सेंट मायकेल चर्चमध्ये तिसऱ्या ड्यूकची दगडी समाधी आहे. चारी बाजूंनी येशूच्या शिष्यांच्या मूर्ती कोरलेल्या. मी डोळे भरून बघायला गेलो होतो ती ही, पण पाय खिळले ते त्याच चर्चमधल्या मुलाच्या समाधीशी. रंगवलेली, झगझगीत, नवराबायको शेजारी शेजारी पहुडलेले. सगळं व्यवस्थित, फक्त हेन्रीच्या डोक्यावर त्याचा मुकुट नाही. तो बाजूला काढून ठेवलाय, त्याचा शिरच्छेद झाला म्हणून. बापाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, १६१४ मध्ये, हेन्रीच्या धाकट्या मुलाने त्याला इथे आणून ठेवलं आणि ही समाधी बांधली. कोणीतरी आपलं माणूस परत आणलं होतं.

"बाबा, चला ना, कॅफे बंद होईल," मुलगी म्हणाली.

आत्या २०१६ मध्ये गेली. तेराव्याला तो पंगतीत वाढत होता. माझ्यासमोर भाताचं भांडं घेऊन थांबला आणि म्हणाला, "दादा, अजून थोडा?" मी हो म्हटलं. आमचं बोलणं ते तेवढंच. गेल्या काही वर्षांत मात्र घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहोत दोघेही, तो रोज सकाळी देवांचे फोटो टाकतो.

फ्रॅमलिंगहॅमच्या त्या रंगीत समाधीचा फोटो मी कॅफेत बसून ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत त्याचाच मेसेज आला.

"मस्त आहे दादा. कोणाची समाधी?"

मी बराच लिहिला होता मजकूर. मग सगळा खोडला आणि नुसतं "एका कवीची" असं पाठवलं.