एवढी मोठी गाडी, एवढासा घाट!

हिरवा दिवा लागला तरी घड्याळ सुरू होत नाही! इंग्लंडमधल्या शेल्स्ली वॉल्शच्या टेकडी-चढण स्पर्धेत स्टार्ट लाइनवर उभं राहिल्यावर मला सगळ्यात आधी भावली ती हीच गोष्ट. सुरुवातच चढावर, म्हणून मार्शलने मागच्या चाकाखाली पाचर सरकवलेली. आपण तयार झालो की निघायचं. गाडीने प्रकाशझोत ओलांडला की सेकंद धावू लागतात. पुढे गाडी नाही, बाजूला गाडी नाही. म्हणून तर माझी पाच मीटर लांबीची, चामडी खुर्च्यांची आणि लाकडी डॅशबोर्डची जॅग्वार एक्सजेआर इथे बिनदिक्कत आणता आली!

वुस्टरशरमधली ही टेकडी. 1905 पासून हौशी मंडळी याच वाटेने गाड्या चढवताहेत. लांबी अवघी 1000 यार्ड, म्हणजे 914 मीटर. सर्वांत वेगवान सिंगल-सीटर ती 23 सेकंदांच्या आत पार करतात. आपल्याला लागतं काय? हेल्मेट, आगरोधक ओव्हरऑल, लायसन्स, दारावर नंबर. या गाडीची बॅटरी डिकीत असते. तपासनीसाने आत हात घालून ती गदागदा हलवून पाहिली, अर्थ वायरवरची पिवळी पट्टी बघितली आणि हसून मान डोलावली. झालं, मी स्पर्धक!

आणि मग ती चढण! गिअरचा दांडा डावीकडच्या फटीत ओढून दुसरा गिअर धरून ठेवला. सुपरचार्जरची शीळ चढत गेली, गाडी मागे बसली, बॉनेट उचललं गेलं आणि समोर नुसतं आभाळ! केनेलचं वळण गेलं, क्रॉसिंगचं गेलं, कळलंसुद्धा नाही. पण एसेसच्या जोडवळणांपाशी ब्रेक दाबला तेव्हा सगळं वजन पुढच्या चाकांवर येताना अगदी स्पष्ट जाणवलं. ते नीट स्थिरावू द्यायचं, मगच स्टिअरिंग वळवायचं. घाई केली की नाक बाहेर जातं. छोट्या गाडीत हे सगळं निमिषात उरकतं. मोठी गाडी मात्र प्रत्येक गोष्ट सावकाश, उलगडून सांगते. एवढी चांगली शिक्षिका मला दुसरी भेटलेली नाही!

आमच्या पुण्यात जॅग्वार म्हटलं की 2008 ची टाटांची खरेदी आठवते. पण या घराण्याच्या थोराड सलून गाड्या किती आधीपासून मैदानात आहेत! 1952 मध्ये शर्यतपटू स्टर्लिंग मॉसने सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत जॅग्वार मार्क सेव्हन जिंकवली. 1956 ची मॉन्टे कार्लो रॅलीही त्याच मॉडेलने जिंकली.

इकडे शेल्स्लीला वर पोहोचलेल्या गाड्या एकत्र खाली सोडतात. तेवढ्या वेळात शेजारच्या छोट्या मिनीवाल्याने माझे मागचे टायर वाकून न्याहाळले आणि हवा थोडी कमी करायला सांगितली. ती केली, आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण सेकंद वाचला! पुढच्या स्पर्धेचा अर्ज मी पॅडॉकमध्येच भरून टाकलाय.