अंड्याची पाणीपुरी

शनिवारी सकाळी रूममेटला म्हटलं, "चल, जॅक्सन हाइट्सला जाऊ." तो पांघरुणातूनच म्हणाला, "आपल्या जर्सी सिटीत सगळं मिळतं की! एवढ्या लांब कोण मरायला जातंय?" मग काय, एकटाच निघालो. घरात बसायचंच नव्हतं. आदल्या रात्री आईने फोनवर विचारलं होतं, "या दिवाळीला तरी येणार ना?" आणि मी नेहमीचं उत्तर दिलं होतं, "बघतो गं, व्हिसा स्टॅम्पिंगची कटकट आहे." सलग तिसरी दिवाळी!

पाथने मॅनहॅटन, तिथून ७ नंबरची ट्रेन. नदीखालच्या बोगद्यातून बाहेर आली की ही ट्रेन चक्क पुलावर चढते आणि लोकांच्या खिडक्यांसमोरून धडधडत जाते. ७४व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो. पुलाखाली रूझवेल्ट अव्हेन्यूवर स्पॅनिश पाट्या, कोपऱ्यावरून वळलं की सोन्याची दुकानं, साड्या, पटेल ब्रदर्स. एक गल्ली ओलांडली की पाट्या बंगालीत! १९६५ साली अमेरिकेने देशांप्रमाणे ठरलेला जुना कोटा काढला, त्यानंतर आपले लोक इथे दुकानं थाटू लागले. पुढे बांगलादेशी आले, नेपाळी आणि तिबेटीही.

आधी एका तिबेटी ठेल्यावर बटाट्याचे मोमो हाणले. सोबतच्या लाल चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं. रूममेटसाठी एक प्लेट बांधून घेतली आणि मग दिसली फुचक्याची गाडी. फुचका म्हणजे आपली पाणीपुरीच की, म्हणून मागवली. आली तर काय, पुऱ्या आधीच भरलेल्या, आत वाटाणा-बटाटा, चिंचेचं पाणी वेगळं, आणि वर उकडलेलं अंडं किसून! पाणीपुरीवर अंडं? आमच्या आजीने गाडीवाल्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. मी भीत भीत एक तोंडात टाकली. मंडळी, अप्रतिम! दुसरी प्लेट मागितली.

चाचा खुश झाले. ढाक्याचे, इथे येऊन अकरा वर्षं झालेली. मी सहज विचारलं, "घर कब गये थे?" पुऱ्या फोडता फोडता ते म्हणाले, "एक बार भी नहीं. कागज़ नहीं हुआ ना, जाऊँगा तो वापस कैसे आऊँगा?" मुलीचं लग्न त्यांनी याच गाडीमागे उभं राहून फोनवर पाहिलं होतं. पुढचं गिऱ्हाईक आलं, ते त्याच्याशी बंगालीत बोलू लागले. मला पुढची पुरी काही गोड लागेना.

परतीच्या ट्रेनमध्ये तेच डोक्यात. स्टॅम्पिंगची भीती खोटी नाही, अडकलो तर नोकरीवर येऊ शकतं. पण चाचांना जाताच येत नाही. मला जाता येतं आणि मी जात नाही. दोन्हीला मी एकच नाव देत होतो.

घरी आलो तर मोमो गार झालेले. रूममेटने तरी सगळे संपवले, वर "जरा गरम आणायचेस" हेही ऐकवलं. रात्री स्टॅम्पिंगची तारीख शोधली, तिकीट काढलं आणि आईला फोन केला. तिकडे सकाळ होती. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं, मग चकलीची भाजणी जास्त करते."

अंड्याच्या पाणीपुरीचं आजीला अजून सांगितलेलं नाही. ते समोरासमोरच सांगावं म्हणतो.