पंक्चरची ट्यूब आणि पंक्चर झालेला कायदा

लाफिंग गॅस नशेसाठी जवळ बाळगणं ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये गुन्हा ठरवला. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने 2024 मध्ये त्याच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडे हा गॅस डॉक्टर भूल देण्यासाठी वापरतात. आपल्या पोरांची नशा वेगळी आहे. पंक्चरचं सोल्युशन रुमालावर ओतायचं आणि हुंगायचं! लिंबागणेशपासून मांजरसुंब्याच्या हायवेपर्यंत ही ट्यूब कुठंही मिळते.

यात टोल्युइनसारखी रसायनं असतात. सवय लागली की मेंदू, फुप्फुस, किडनी सगळ्यांची वाट लागते. आणि पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो.

आता कायदा बघा. 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत सोल्युशन नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 म्हणतं, मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ दिला तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. म्हणजे पोराला तंबाखूची पुडी दिली तर गुन्हा, सोल्युशनची ट्यूब दिली तर साधी विक्री. 2012 साली केंद्राने बाटलीतलं व्हाइटनर आणि थिनर किरकोळ विकायला बंदी केली, पण पंक्चरची ट्यूब राहूनच गेली.

केंद्र सरकार आणि एम्सचा 2019 चा अहवाल सांगतो, हुंगायची नशा 10 ते 17 वयाच्या 1.17 टक्के मुलांत आहे, मोठ्यांत 0.58 टक्के. बाकी सगळ्या नशांत मोठी माणसं पुढे, या एकाच नशेत पोरं पुढे.

आपल्या बीडमध्ये दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला जातात. मागं पोरगं आणि थकलेली आजी. पोराच्या तोंडाला कसला वास येतोय, हे त्या माउलीला कसं कळणार?

सरसकट बंदी नको, पंक्चरवाल्याचं पोट त्यावर आहे. पण 18 वर्षांखालच्याला ट्यूब विकायची नाही, एवढा नियम राज्य सरकारला करता येत नाही का? तोवर ग्रामसभेने ठराव घ्यावा, दुकानदारांनी तो पाळावा. आणि पोरगं सापडलं तर बडवू नका. 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, 1098 मुलांसाठी. फोन लावा.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा, पण कुठल्याही पोराचं नाव टाकू नका.