काळोखाची खोली

कुकटपल्लीच्या आमच्या घरी देवघराला लागून एक भिंत आहे. काही वर्षांपूर्वी कन्येने स्वतः रंगविलेले चित्र तेथे लावले. करडा-पिवळसर पट, त्यावर दोनचार पुसट आकार. ना देव, ना डोंगर, ना माणूस. "यात आहे तरी काय?" असे मी पाहुण्यांसमक्ष विचारून बसलो. तिने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी भिंत रिकामी होती, आणि पुढे तिने मला एकही चित्र दाखविले नाही.

ती बोच मनात घेऊनच मी वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी वाचू लागलो. घराणे गोव्याचे, जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असा त्यांचा आग्रह. उत्तरकाळात रूळ आणि रंगकामाची सुरी घेऊन ते तैलरंगाचे पातळ थर चढवीत, काही खरवडीत, पुन्हा चढवीत. वर्षाकाठी चित्रे होत ती मोजकीच. प्रकाश वरच्या थरांतून आत शिरून खालच्या रंगावरून परततो, म्हणून सपाट कापडाला खोली आल्याचा भास होतो. क्षितिजरेषाच नसल्यामुळे ती खोली डोळ्यांना मोजता येत नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. ते पाहण्यास गायतोंडे नव्हते. २००१ सालीच ते गेले होते.

वाचून माहिती झाली, दृष्टी मात्र आली नाही. ती आली गोव्यात, अंत्रुज महालातील आमच्या कुलदेवाच्या देवळात. पहाटे वीज गेली. समईच्या उजेडात गर्भकुडीची मागची भिंत नाहीशी झाली. मुखवट्याची सोनेरी कड, दोन फुले, आणि त्यांच्यामागे तपकिरी काळोख. तो हातभर होता की कोसभर, सांगवेना. मुखवटा धड दिसत नव्हता, तरी माझे हात जोडलेले होते. यात आहे तरी काय, असे काही मी भटमामांना विचारले नाही.

परतल्यावर कन्येला म्हटले, "बाय, ते चित्र पुन्हा लाव."

"बाबा, त्याच्यावर मी दुसरे रंगविले."

"म्हणजे खाली ते आहेच की."

ती काही बोलली नाही. सायंकाळी मेट्रोच्या पुलापलीकडे ऊन कलले तेव्हा पट घेऊन आली, खिडकीशी तिरपा धरला आणि म्हणाली, "येथून पाहा." मी चष्मा पुसून पुढे झालो. डाव्या कोपऱ्यात, निळ्याखाली, जुना पिवळा अजून होता.