म्हैसूरचे जुने इंजिन आणि जाणते हात

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा आणि चंदनाचा साबण आठवतो. कचेरीच्या कामाने तीन दिवस तिथे राहण्याचा योग आला, तेव्हा मी रेल्वे स्टेशनजवळच्या यादवगिरीची वाट धरली. जावा आणि येझदी या मोटारसायकली बनवणारा आयडियल जावा कारखाना याच भागात होता. इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीशी करार करून १९६० च्या सुमारास तो उभारला. १९७३ पासून गाडीचे नाव येझदी झाले. १९९६ साली कारखाना बंद पडला.

दारे बंद झाली तरी तिथे शिकलेले हात शहरातच राहिले. काहींनी छोटी गॅरेजे थाटली. अशाच एका गॅरेजात सत्तरीकडे झुकलेले, दक्खनी हिंदी बोलणारे मिस्त्री भेटले. पुढ्यात जावा २५० चे इंजिन उघडलेले होते.

हे इंजिन एका सिलिंडरचे, दोन स्ट्रोकचे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच वरखाली होताना भोके उघडतो, झाकतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे, जुन्या हिशेबाने लिटरला साधारण ४० मि.लि. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर काजळी साचते. काजळीने धुराची वाट चोंदली की गाडी चढावर दमते. मालक नवा पिस्टन मागतो. मिस्त्री आधी सायलेन्सर खोलतात. पिस्टनवरची काजळी लाकडी पट्टीने खरवडतात, कारण पोलादी पात्याने ओरखडे उठतात. पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल घटत असेल, तर क्रँकचे ऑइल सील तपासतात.

ब्लॉक झिजला असेल तर बोअर करून थोडा मोठा पिस्टन बसवावा लागतो. पण प्रत्येक बोअरने ब्लॉकचे आयुष्य घटते. म्हणून आधी मोजमाप, मग हत्यार. आम्ही कारकून खतावणी जुळल्याशिवाय पान उलटत नाही, त्यातलाच हा प्रकार.

२०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले. पण ते इंजिन चार स्ट्रोकचे. त्याचा पिस्टन जुन्या गाडीत बसत नाही. जुनी गाडी जगवायची तर जाणता माणूसच हवा.

मी विचारले, "चाचा, तुमच्यामागे हे काम कोण करणार?"

ते म्हणाले, "दोन पोरं आली होती, साहेब. एक गेला डिलिव्हरीच्या कामाला. दुसरा हा. पण सगळी मापं माझ्या डोक्यात आहेत, कागदावर एकही नाही."

तो मुलगा शेजारी रिंगांची फट मोजत होता. मी पिशवीतली कोरी वही त्याला दिली. मिस्त्रींनी सांगितले, त्याने लिहिले: पॉइंटची फट ०.४ मि.मी. मग प्लगची. मग पिस्टनची. चहा निवला तरी लिहिणे चालूच होते.

वाचकहो, आपल्या वस्तीतही बंद गिरण्यांचे, कारखान्यांचे फिटर आणि टर्नर आहेत. त्यांच्याजवळ उमेदीची विद्या आहे, पण ती कोणी विचारत नाही. या रविवारी मुलामुलींना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठवा. माणूस समोर आहे तोवरच विचारता येते.