कोथेनचा वाडा आणि एकटा चेलो

दोस्तांनो, युरोपचा नकाशा उघडा पाहू. जर्मनी सापडली? आता तिच्या पूर्व भागात लाइपझिग शहर शोधा. तिथून बोट वायव्येकडे सरकवलं, की आधी हाले लागतं आणि त्याच्या पुढे कोथेन. जर्मन माणसं त्याचा उच्चार 'क्योटन' असा काहीसा करतात. शाळेच्या नकाशात ते कदाचित सापडणार नाही, कारण गाव लहान आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं ठिकाण! लाइपझिगहून आगगाडीने तासाभराचा रस्ता. आजची आपली सहल तिथंच. फक्त या सहलीत डोळ्यांपेक्षा कान जास्त उघडे ठेवायचे.

गावाच्या चौकात दोन उंच मनोऱ्यांचं चर्च आहे. तिथून जवळच राजवाडा, आणि वाड्याभोवती खंदक. वाड्यात आज संग्रहालयं आहेत. एकात तर नुसते पक्षीच पक्षी! योहान फ्रीडरिश नाउमान या पक्षितज्ज्ञाचा तो संग्रह. आणखी एक गंमत सांगू? तुमच्या आजीच्या डबीतल्या त्या गोड गोड पांढऱ्या गोळ्या असतात ना, त्या होमिओपॅथीचे जनक डॉ. हानेमान १८२१ ते १८३५ या काळात याच गावात राहत होते.

पण आपण आलोय ते त्यांच्याही आधीच्या एका पाहुण्यासाठी. त्याचं नाव योहान सेबास्टियन बाख. जन्म १६८५. दहा वर्षांचा होईपर्यंत आईवडील दोघंही गेले, आणि थोरल्या भावाने त्याला सांभाळलं. मोठा होऊन तो वायमार गावच्या दरबारात वादक झाला. १७१७ साली कोथेनच्या राजाने त्याला बोलावलं. बाखने वायमारच्या सरदाराकडे नोकरी सोडायची परवानगी मागितली. सरदाराने नाही म्हटलं, बाखने हट्ट धरला, आणि सरदाराने त्याला चक्क कैदेत टाकलं! जवळजवळ चार आठवडे तो आत होता. सुटका झाली ती २ डिसेंबरला. मग स्वारी कोथेनला आली.

कोथेनचा राजा लिओपोल्ड तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा. त्याच्या पदरी पंधरा-सोळा वादक होते आणि त्यातले काही तर बर्लिनच्या दरबारातून आलेले. इथलं धर्ममत मात्र साधेपणाचं. चर्चमध्ये थाटामाटाचं संगीत चालत नसे. त्यामुळे बाखला दरबारासाठी, दिवाणखान्यासाठी वाद्यसंगीत रचायला भरपूर सवड मिळाली. एकट्याने वाजवायचं, नाही तर तिघा-चौघांनी मिळून. अशा मोजक्या वादकांच्या संगीताला 'चेंबर म्युझिक' म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. आपल्याकडे घरगुती बैठक असते ना, गाणारे आणि ऐकणारे अगदी जवळ बसलेले, तसंच काहीसं. एक मोठा फरक आहे बरं का. आपला गायक राग तिथल्या तिथे फुलवत नेतो, आणि बाखचा वादक कागदावर लिहिलेले सूर वाजवतो. जीव मात्र दोघांनाही तितकाच ओतावा लागतो.

आता १७२० हे साल लक्षात ठेवा. जानेवारीत बाखने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही सुरू केली. कोणत्या सुरावर कोणतं बोट ठेवायचं, सुरांची वेलबुट्टी कशी काढायची, असं सगळं त्यात आहे. मोठ्यांनाही वाजवावेसे वाटतील असे छोटे छोटे तुकडे पुढे त्यात आले. आम्हा शिक्षकांना हेवा वाटावा अशी ती वही!

त्याच वर्षी उन्हाळ्यात राजा कार्ल्सबादला हवापालटासाठी गेला. बरोबर बाखलाही नेलं. परतल्यावर बाखने घरात पाऊल टाकलं, तर पत्नी मारिया बार्बारा या जगात नव्हती. जुलैतच तिचं दफन झालं होतं. निघताना ती चांगली धडधाकट होती. घरात चार मुलं होती आणि थोरली मुलगी अकरा-बारा वर्षांची होती.

एकट्या व्हायोलिनसाठी बाखने रचलेल्या सहा रचनांची, त्याच्या स्वतःच्या अक्षरातली हस्तलिखित वही आजही बर्लिनच्या ग्रंथालयात जपलेली आहे. तिच्यावर साल आहे १७२०. ना गायक, ना साथ. फक्त चार तारांचं एक वाद्य.

अशाच सहा रचना त्याने चेलोसाठी केल्या. चेलो म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांच्या मध्ये धरून तो वाजवतात. आवाज पुरुषी, घनगंभीर. त्यातल्या पहिल्या रचनेचा सुरुवातीचा तुकडा मी आमच्या पाचवीच्या वर्गाला मोबाइलवर ऐकवला. जेमतेम अडीच मिनिटांचा तो तुकडा मुलांनी डोळे मिटून ऐकला.

"किती जण वाजवतायत?" मी विचारलं.

"दोन!"

"नाही बाई, तीन!"

"एकच माणूस आहे," मी सांगितलं.

मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग खालचा आवाज कोणाचा?"

काय छान प्रश्न! त्याचं उत्तर असं. गज आधी खालच्या तारेवर फिरतो आणि चटकन वरच्या तारांवर जातो. खालचा सूर थांबलेला असतो, पण आपला कान तो धरून ठेवतो. सुरुवातीला तोच सूर पुन्हा पुन्हा येतो, तंबोऱ्याच्या खर्जासारखा. म्हणून एकाच वाद्यातून दोघं बोलल्यासारखं वाटतं. निम्मं वाजवतो वादक, आणि निम्मं जुळवतो आपला कान!

बाखच्या हातची चेलोची मूळ वही मात्र हरवली. त्याची दुसरी पत्नी आना माग्दालेना ही गायिका होती. तिने सुरेख अक्षरात केलेली नक्कल उरली, म्हणून आपल्याला हे संगीत मिळालं. तरीही कितीतरी वर्षं लोक त्याला रियाजाचे धडेच समजत होते. मग १८९० साली बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात, वडिलांबरोबर आलेल्या तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सच्या हाती त्याची एक छापील प्रत लागली. त्याने ते घरी नेलं आणि वाजवायला घेतलं. लोकांसमोर सादर करण्याआधी त्याने किती वर्षं मेहनत केली असेल? बारा! १९३६ ते १९३९ या काळात त्याने सहाही रचना ध्वनिमुद्रित केल्या, आणि जगाला त्यांचं मोल कळलं.

बाख १७२३ साली कोथेन सोडून लाइपझिगला गेला. पण कोथेनचं संगीत याहून फार फार लांब पोचलंय. १९७७ साली व्हॉयेजर ही दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकावर सोनेरी तबकडी आहे आणि तिच्यात जगभरातल्या संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत. एकट्या व्हायोलिनच्या त्या वहीतला एक तुकडा त्यात आहे. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे! दोघांचे सूर एकाच यानातून चाललेत.

आता तुमचा गृहपाठ. चेलोच्या पहिल्या रचनेचा पहिला तुकडा रात्री जेवणं झाल्यावर लावा. टीव्ही बंद. बोलायचं नाही. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त खालचे सूर पकडा. तिसऱ्यांदा शेवट कसा वर वर चढत जातो, तिकडे लक्ष द्या. आवडलं, तर व्हायोलिनची 'गावोत' ऐका. तीच ती, व्हॉयेजरवरची. मग मुलाच्या वहीतली दोन सुरावटींची एखादी 'इन्व्हेन्शन' ऐका. त्यात उजवा हात बोलतो आणि डावा हात उत्तर देतो. पुढे चौघांचं संगीत आहेच. त्यात दोन व्हायोलिनं, एक व्हियोला आणि एक चेलो असतो. हायडनपासून सुरुवात करा.

पालकांनो, "कळलं का?" असं मुलांना लगेच विचारू नका. शेजारी बसून तुम्हीही ऐका. तेवढं पुरे आहे.

आणि दोस्तांनो, खालचा आवाज कितव्या वेळी ऐकू आला, ते वहीत लिहून ठेवा हं!