सरांचं कपाट

अश्वारूढ पुतळ्यांवर ज्यांचं घर चाललं, त्या माझ्या सरांच्या कार्यशाळेत सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे डायनासोरांनी भरलेलं एक सागवानी कपाट. महाराष्ट्रात पुतळे घडवणाऱ्याच्या वाट्याला जे काम येतं तेच त्यांच्याही वाट्याला आलं. शिवाजी महाराज, फुले, आंबेडकर, गावोगावचे सहकारमहर्षी. ते त्यांनी मन लावून केलं. संध्याकाळी मातीवर ओलं फडकं टाकलं, हात धुतले, की ते कपाटाची कडी काढायचे. वरच्या फळ्यांवर पुस्तकं, खाली प्राणी. कलाशाळेचा डिप्लोमा घेऊन मी त्यांच्याकडे काम शिकायला गेले आणि आज हाताला जे काही येतं, त्यातलं निम्मं त्या कपाटाचं देणं आहे. सर असताना हे बोलायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. त्यांना ते माहीत होतं. पण इतरांना माहीत नाही, म्हणून लिहिते आहे.

कपाटातले सर्वांत जुने प्राणी एकरंगी होते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या सहकार्याने लेस्टरच्या इन्व्हिक्टा कंपनीने 1974 पासून काढलेली ती मालिका. सरांचे मेहुणे मालवाहू बोटीवर होते, लंडनला बोट लागली की ते एखादा प्राणी घेऊन यायचे. सगळे 1:45 या एकाच प्रमाणात, म्हणून शेजारी-शेजारी ठेवले की कोण किती मोठा होता ते खरंखुरं कळायचं. सर म्हणायचे, "अगं, रंगाने डोळा फसतो. याला रंग नाही, म्हणजे लपायलाही जागा नाही." मग ते डोळे मिटायला सांगत आणि एक प्राणी हातात देत. कोणता ते ओळखायचं नाही, ते कुणीही ओळखेल. अंगठा पाठीवरून सरकवत न्यायचा आणि सांगायचं, खांद्याचं पातं कुठे संपलं, पहिली बरगडी कुठे लागली, पोटाचं ओझं मागच्या पायांवर जास्त आहे की पुढच्या. सुरुवातीला मला नुसतं प्लास्टिक लागायचं. काही महिन्यांनी त्याच प्लास्टिकखाली हाड लागायला लागलं. तळहाताएवढ्या खेळण्यात हाड लागावं अशा निष्ठेने ज्यांनी ते घडवलं, त्यांची नावं त्या खेळण्यांवर नव्हती. सरांना ही गोष्ट फार लागायची.

म्हणून ज्यांची नावं ठाऊक होती, ती ते आदराने घ्यायचे. फॉरेस्ट रॉजर्स हे नाव मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकलं. पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमच्या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने सफारी कंपनीने 1988 मध्ये एक मालिका सुरू केली, ती 2015 पर्यंत चालली, आणि तिच्यातले प्राणी या एकाच शिल्पकार बाईंनी घडवले. सरांची भाची अमेरिकेहून येताना ते आणायची. सर ते सालाप्रमाणे लावून ठेवत, कारण त्या रांगेत एका शिल्पकाराचा हात आणि त्याबरोबर एक अख्खं शास्त्र बदलत जाताना दिसतं. आधीचा टायरॅनोसॉरस शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा आहे. पुढे पाठीचा कणा आडवा होत जातो, शेपूट वर उचलली जाते, कातडीखालचे स्नायू जागे होतात.

या शेपटीवरून सरांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. जॉन ऑस्ट्रॉमने 1969 मध्ये डायनॉनिकसचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात त्या प्राण्याची शेपूट हाडांच्या लांब काड्यांनी ताठ झालेली दिसली. अशी शेपूट फरफटत नेण्यासाठी नसते, तोल सावरण्यासाठी असते. हळूहळू सगळ्याच दोन पायांच्या डायनासोरांची उभं राहण्याची ढब बदलली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला जुना, ताठ उभा टायरॅनोसॉरस 1995 पर्यंत आडव्या कण्यात नव्याने जोडून झाला. मग त्यानंतरही खेळण्यातले कितीतरी टायरॅनोसॉरस शेपटीवर रेललेले का? सर मला घोटा दाखवत. एवढ्या बारीक दोन घोट्यांवर मऊ प्लास्टिकचं धूड तोलणं अवघड. साच्यातून निघताना बरोबर दिसतं, पण मे महिन्याच्या उकाड्यात पुढे झुकतं. म्हणजे तिसरा टेकू काही वेळा शास्त्राने दिलेला नसतो, माध्यमाने मागितलेला असतो. अमुक आकार असा का झाला, हे विचारताना दोन्हीकडे बघायचं, ही सवय मला तिथे लागली.

झुकलेल्या प्राण्यांवर त्यांचा उपचार ठरलेला होता. पातेल्यात पाणी कढत करायचं, पण उकळू द्यायचं नाही. वाकलेला पाय त्यात धरायचा, प्लास्टिक नरम पडलं की बोटांनी सरळ करायचा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवायचा. काकू एकीकडे चहा ठेवत आणि दुसऱ्या शेगडीवर सरांचा अ‍ॅलोसॉरस शेकत असे. मी आजही असंच करते.

पुस्तकांच्या फळीवर सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक होतं चार्ल्स नाइट यांचं, चित्रकारांसाठी लिहिलेलं प्राण्यांच्या शरीररचनेचं. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर मिळालेलं, कव्हरला खाकी कागद. नाइट यांची दृष्टी अधू होती, लहानपणी खडा लागून उजवा डोळाही दुखावलेला. तरी डायनासोर कसा दिसत असेल ते विसाव्या शतकाच्या निम्म्या जगाला त्यांच्या चित्रांनी ठरवून दिलं. सरांना त्यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटायचं. नाइट चित्राआधी छोटी मूर्ती करत आणि तिच्यावर उजेड-सावली पाहत. "चित्रकार असून आधी मातीत हात घातला," हे सर अशा अभिमानाने सांगत, की जणू नाइट त्यांच्याच गल्लीतले. शेजारी झ्देनेक बुरियान यांच्या चित्रांचं, योसेफ औगुस्ता यांच्या मजकुराचं मोठ्या आकाराचं पुस्तक. त्यापलीकडे रॉबर्ट बॅकर यांचं 1986 चं आणि ग्रेगरी पॉल यांचं 1988 चं. पॉल यांच्या पुस्तकात प्राण्याची काळी छायाकृती आणि तिच्या आत पांढरी हाडं, अशी पानंच्या पानं आहेत. हाड आणि कातडी यांच्यामधली काळी जागा म्हणजे मांस, आणि शिल्पकाराचं सगळं काम त्या जागेत. सरांनी त्या पानांवर ट्रेसिंग पेपर लावून स्वतःचे स्नायू भरले होते. ते कागद पुस्तकात तसेच आहेत, काहींवर माझ्याही रेघा आहेत.

चीनमध्ये 1996 साली पिसांसारखं आवरण असलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स प्रकाशात आला, तेव्हा यातली बरीच चित्रं जुनी झाली. सरांनी एकही पुस्तक काढून टाकलं नाही. या बाबतीत त्यांचा आदर्श बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स. लंडनच्या सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत 1854 मध्ये ज्यांनी जगातले पहिले पूर्णाकृती डायनासोर उभे केले ते. त्यातल्या इग्वानोडॉनच्या एका साच्यात 31 डिसेंबर 1853 ला शास्त्रज्ञांना बसवून त्यांनी जेवण घातलं, ती गोष्ट सगळेच सांगतात. सर मात्र सामानाची यादी सांगायचे: एका इग्वानोडॉनला 600 विटा, 38 पिंपं सिमेंट, कौलं, लोखंडी खांब. ज्याने मोठा पुतळा उभा केला आहे त्याला अशा यादीत माणूस दिसतो. हॉकिन्सने इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग बसवलं. पुढे 1878 मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत सांगाडेच सांगाडे निघाले आणि ते शिंग नसून अंगठ्याचा काटा होता हे पक्कं झालं. ते प्राणी अजून तिथे उभे आहेत, शिंगासकट. त्या दिवशी हाताशी जेवढा पुरावा होता तेवढ्याशी हा माणूस प्रामाणिक राहिला, असं सर म्हणत, आणि त्यांच्या दृष्टीने शिल्पकाराबद्दल याहून मोठं काही म्हणता येत नव्हतं.

आणि आता त्या एका प्राण्याबद्दल, जो कुठल्याही कंपनीचा नव्हता.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तिथल्या खडकात मिळालेल्या एका लांबमानेच्या डायनासोरचं वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने तो खोदून काढला होता, म्हणून 2003 मध्ये त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं. साडेसहा कोटी वर्षांहून जुना, आपल्याच मातीतला प्राणी. त्याची मूर्ती विकत मिळेना, तेव्हा सरांनी ती स्वतः करायला घेतली. मी मदतीला होते. तारेचा सांगाडा वळला, त्यावर माती चढवली. पुढचे पाय लांब, म्हणून खांदे उंच. माती लावताना मी सवयीने पुढच्या पावलाला हत्तीसारखी नखं द्यायला गेले, कारण जुन्या खेळण्यांत ती असतात. सरांनी माझा हात धरला. या कुळात पुढच्या पायाला बोटांची हाडं जवळजवळ उरलेलीच नाहीत. तळव्याची हाडं अर्धवर्तुळात उभी, खांबासारखी, मागून पोकळ. पाऊल खालून बघितलं तर घोड्याच्या नालासारखं दिसतं. नखांना जागाच नाही.

त्या सांगाड्याबरोबर मागचे पाय मिळालेले नव्हते, ते आम्ही नातलग प्राण्यांकडून उसने घेतले. डोकंही मिळालेलं नव्हतं. ते मात्र सरांनी केलं नाही. मानेच्या शेवटच्या मणक्यापाशी माती थांबली आणि पुढे तारेचं टोक तसंच राहिलं. कार्यशाळेत येणारे पुतळ्यांचे गिऱ्हाईक विचारायचे, हे मोडलं का? सर शांतपणे समजावून सांगायचे की एवढंच ठाऊक आहे. बैठकीवर मात्र त्यांनी नंतर भर घातली. पिसदुऱ्याच्या, म्हणजे त्याच परिसरातल्या, डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं 2005 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलं. तोवर डायनासोरांच्या चित्रात गवत काढायचं नाही असा दंडक होता.  बातमी वाचली त्या दिवशी सर ब्रशचे केस कापून बैठकीवर एकेक काडी रोवत बसले होते. वयाने हात थरथरत होता, तरी मला करू दिलं नाही.

कोलकात्याला माझं काम निघालं तेव्हा त्यांनी बजावलं, की इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयातल्या बारापासॉरसच्या मागच्या पायासमोर बसून चित्रं काढल्याशिवाय परत यायचं नाही. गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या पलीकडल्या भागात मिळालेला हा ज्युरासिक काळातला प्राणी सुमारे 14 मीटर लांब आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी त्याचं खोदकाम चाललं होतं, म्हणून त्याच्या नावात टागोरही आहेत. मांडीचं हाड माझ्या उंचीचं. मी त्याच्या बाजूला, मग समोर, मग पोटाखाली बसून चित्रं काढली. एवढ्या मोठ्या प्राण्याचा पाय वाकलेला नसतो, ओझं सरळ खाली उतरतं, हे पुस्तकात वाचलं होतं. तिथे ते माझ्या मानेला कळलं.

पुढे मला स्वतःच्या नावावर पहिला अश्वारूढ पुतळा मिळाला. घोड्याचा एक पाय उचललेला. आतला लोखंडी सांगाडा वेल्डरने त्याच्या हिशेबाने भक्कम केला होता, पण मातीचा घोडा लोखंडाला टांगल्यासारखा दिसत होता, जमिनीवर उभा नव्हता. मी त्या सरळ पायाचा विचार करत राहिले. उचललेल्या पायाचं ओझं टेकलेल्या पायांवर जायला हवं, तिथले सांधे सरळ व्हायला हवेत. तेवढं बदललं आणि घोडा उभा राहिला. बघायला आलेल्यांनी घोड्याचं कौतुक केलं. सर मागे उभे होते, म्हणाले, "बारापासॉरसने काम केलं."

सर गेल्यावर काकूंनी कपाट माझ्याकडे पाठवलं. टेम्पोबरोबर चिठ्ठी होती, त्यात कपाट पावसाळ्यात कुठे ठेवायचं नाही एवढंच लिहिलं होतं. मी त्यात भर घालते, काढत काही नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात डोळे मिटून प्राणी हातात घ्यावा लागतो.

मध्यंतरी वरोऱ्याकडच्या एका शाळेने आयसिसॉरस मागितला, अंगणात ठेवायला, खऱ्याच्या एक दशांश. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, बिनडोक्याचा कसा ठेवणार, पोरं काय म्हणतील? त्यांचंही खरं होतं. सरांच्या मूर्तीवरून मोठं प्रमाण काढलं, फायबरमध्ये ओतलं, आणि नातलगांवरून अंदाजाने केलेलं डोकं वेगळं ओतून मानेवर बोल्टने बसवलं. मानेचा जोड झाकलेला नाही, आणि खाली पाटीवर मराठीत लिहिलं आहे की डोकं आणि मागचे पाय अंदाजाने केले आहेत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत, गंजणार नाहीत. खरं डोकं सापडलं की पाना लावायचा आणि जुनं उतरवायचं, नवं मी करून देईन असं शाळेला लेखी दिलं आहे.